नऊ नंबरचं जाकीट

१

रविवारी पहाटे साडेपाचला बेळगावातून निघायचं, जांबोटी रोडवर एका ठरलेल्या टपरीत चहा घ्यायचा आणि सातच्या आत माणगुळीच्या धरणावर पोचायचं, हा बुद्धप्रिय मेत्रीचा नेम तीन वर्षांत चुकला नव्हता. आठवडाभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस रविवारी हातात वल्हं आलं की दहा वर्षांनी लहान दिसायचा. त्यांच्या नौकाविहार मंडळात एकूण आठ जण. कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, एकाचं फर्निचरचं दुकान. सगळे हौशी. बाकीच्यांना होडी घेऊन पाण्यात जाणं म्हणजे गंमत होती, बुद्धप्रियला मात्र गंमतीच्या आधी नियम लागत. त्यावरून त्याची चेष्टा व्हायची आणि ती तो निमूटपणे सोसायचा.

नियमांना कारण होतं. चार वर्षांमागं सहलीला आलेल्यांची एक बोट इथं उलटली आणि चार माणसं गेली. एकाच्याही अंगावर जाकीट नव्हतं. त्यानंतर धरणाच्या कचेरीनं मंडळाला परवानगी दिली ती एका अटीवर : नुसतं हिंडू नका, पाण्यावर नजर ठेवा. बुद्धप्रियनं ती अट मनावर घेतली आणि मंडळाच्या सामानाच्या शेडच्या दारावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला. जाकिटाशिवाय पाण्यात कुणी नको, आपला असो की परका. पाण्यावर तरंगणाऱ्या निळ्या पिंपांच्या रांगेपलीकडं, पाणी सोडायच्या मनोऱ्याकडं, फिरकायचं नाही. अनोळखी होडी किंवा सुरुंग लावून मासे मारणारे दिसले तर भिडायचं नाही, कळवायचं. आणि कुणीही पाण्यात हात वर केला की आधी जायचं, तो कोण हे मागनं विचारायचं.

त्याच्या आज्ज्याला गावच्या विहिरीच्या पायरीवर उभं राहायची मुभा नव्हती. बाप निपाणीत तंबाखूची पोती उचलून म्हातारा झाला, त्याला पोहता येत नव्हतं. बुद्धप्रिय स्वतः तिसाव्या वर्षी पोहायला शिकला, पण एकुलत्या पोरीला, समताला, त्यानं पाचव्या वर्षीच पाण्यात उतरवली. आता ती विशीत होती आणि बापापेक्षा चांगली वल्हवायची. एवढं मोठं पाणी राखायचं काम आपल्याकडं आहे, याचा त्याला मनापासून अभिमान वाटे. भीती म्हणाल तर एकाच गोष्टीची. समता नजरेआड जाण्याची.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी त्यानं शेड उघडलं. खुंट्यांवर नऊ जाकिटं रांगेनं टांगलेली. आठ आठ जणांची, नववं जादा, पाण्यात कुणी अडचणीत सापडला तर त्याच्यासाठी. आठही खडखडीत वाळलेली होती. नऊ नंबरातून पाणी ठिबकत होतं.

२

"मारुतीराव, शेड उघडलंतं काय कुणी?"

"न्हाय सर." धरणाचा राखणदार मारुतीराव कानटोपी सारखी करत म्हणाला. "किल्ली माझ्या करदोट्याला असतीया. अंघोळीलासुदिक काढत न्हाय."

"मग हे भिजलं कसं?"

"पत्रा गळत असंल."

"नोव्हेंबरात?"

"दव लई पडतंय की सर हितं."

दव एकाच जाकिटावर पडत नाही, हे बुद्धप्रियनं त्याला सांगितलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. जादा जाकिटाचे पट्टे नेहमी पूर्ण सैल ठेवायचे, म्हणजे कुणाच्याही अंगात चटकन घालता येतं, हा त्याचाच नियम. आणि इथं तिन्ही पट्टे ओढून ओढून आवळलेले होते. बक्कलं लावलेली होती. त्यानं टेप काढून घेर मोजला. अठ्ठावन्न सेंटीमीटर. सहा वर्षांच्या लेकराच्या छातीएवढा.

त्यानं पट्टे सैल केले आणि जाकीट उन्हात वाळत घातलं. दुपारी निघताना कोरडं, सैल जाकीट स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा भिजलेलं होतं आणि पुन्हा आवळलेलं. घेर एकसष्ट.

तिसऱ्या रविवारी घेर त्रेसष्ट भरला, तेव्हा त्यानं नवं कुलूप आणलं, किल्ली खिशात ठेवली. चौथ्या रविवारी कुलूप जसंच्या तसं होतं आणि जाकिटाचा घेर सदुसष्ट होता. नियमाप्रमाणं त्यानं पोलिसांना फोन केला. कुणीतरी मंडळाचं सामान वापरून धरणात भलतंसलतं काम करतंय, असं त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याला ते पटतही होतं. दुपारी एक हवालदार मोटारसायकलवर आला. चोर येऊन जाकीट धुऊन ठेवून जातो काय, असं त्यानं कानडीत हसत विचारलं. तरी त्यानं शेड पाहिलं, पत्रा ठोकून पाहिला, जमीन पाहिली.

"या पाण्यात कुणी... म्हणजे सापडायचं राहिलंय असं कुणी हाय काय?" बुद्धप्रियनं विचारलं आणि विचारल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

"कुणी न्हाय सर. त्या चारी बॉडी दोन दिवसांत मिळाल्या. त्याच्या आधीचं रेकॉर्डला काय न्हाय." हवालदारानं वही मिटली. "बिडरी सर, सोडून द्या. पोरंबिरं असतील."

३

भूतबाधा, देवदेवस्की असल्या गोष्टींना मेत्रींच्या घरात दोन पिढ्या थारा नव्हता. कुणी अंगात आल्याचं सांगितलं तर बुद्धप्रिय त्याला डॉक्टरचा पत्ता द्यायचा. त्यामुळं हे तो कुणाला सांगणार? मंडळातल्यांना सांगितलं तर वर्षभर चेष्टेला विषय. बायको उपासना म्हणाली असती, जाऊच नका तिकडं. त्यानं फक्त समताला सांगितलं. तिनं डोळे विस्फारले आणि तिला आधी मजाच वाटली.

"आप्पा, आलेख काढा की. वर्गात सांगताय न्हवं, मोजता येतंय ते समजतंय म्हणून?"

त्यानं खरंच आलेख काढला. अठ्ठावन्न, एकसष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट, बहात्तर. रेष सरळ जात नव्हती. कधी थबकायची, कधी उडी मारायची. असा आलेख त्यानं पूर्वी एकदा पाहिला होता, समता लहान असताना, बालवाडीच्या बाईंनी दिलेल्या, पोरांच्या वाढीच्या तक्त्यावर.

शनिवारी संध्याकाळी जाऊन समतानं जुना मोबाइल शेडच्या आतल्या वाशाला बांधला आणि पहाटे पाचपासून चित्रण सुरू होईल असं काहीतरी करून ठेवलं. रविवारी तो काढून दोघं गाडीत बसून पाहू लागले. बाहेर लख्ख ऊन होतं, मारुतीराव बांधावर दात घासत होता.

मोबाइलमध्ये नऊ जाकिटं ओळीनं टांगलेली, अंधारात जेमतेम दिसणारी. पहिला तासभर काहीच नाही. दार हललं नाही. मग फटीतून उजेड आत यायला लागला आणि सहा वाजून बारा मिनिटांनी नऊ नंबरातून पहिला थेंब पडला. मग दुसरा. पाणी आलं कुठून ते दिसत नव्हतं, जाकिटाच्या आतूनच ते पाझरत होतं. पट्टे भिंतीच्या बाजूला होते, त्यामुळं त्यांचं काय झालं ते कळलं नाही.

"थांब," बुद्धप्रिय म्हणाला. "मागं घे जरा."

बाकीची आठ जाकिटं खुंटीवर चपटी पडली होती. नववं चपटं नव्हतं. त्याची पाठ किंचित फुगायची, आत जायची, पुन्हा फुगायची.

"वारा असंल," समता म्हणाली. शेजारची जाकिटं हलत नव्हती, ते दोघांनाही दिसत होतं. तिनं मोबाइल बंद केला.

४

जानेवारीच्या पहिल्या रविवारी घेर चौऱ्याऐंशी भरला. बुद्धप्रिय बाहेर वहीत आकडा लिहीत होता, तेवढ्यात शेडमधून समताची हाक आली.

"आप्पा, हे बघा!"

ती नऊ नंबर घालून उभी होती. पट्ट्यांना हात न लावता तिनं नुसती बक्कलं सोडून पुन्हा लावली होती, आणि जाकीट तिच्या अंगाला शिवून घेतल्यासारखं बसलं होतं.

"अगदी माझंच माप हाय. आणि ऐका न्हवं, भिजलंय पण गार न्हाय. आत लई ऊब हाय हो आप्पा. आताच कुणीतरी काढून ठेवल्यागत."

त्यानं पुढं होऊन बक्कलं काढली. काढली कसली, ओरबाडली. तिच्या हाताला नख लागून ओरखडा उठला. इतक्या वर्षांत त्यानं पोरीवर आवाज चढवला नव्हता, तो आज चढवला.

"कुणी सांगितलं तुला घालायला? कुणी सांगितलं?"

खराब झालेलं जाकीट तसंच फेकायचं नसतं. कुणीतरी ते उचलतं, विश्वासानं घालतं आणि बुडतं. ते कापून निकामी करायचं, हाही त्याच्याच कागदावरचा नियम. त्यानं गाडीतून मोठी कात्री आणली. पट्टे कापले, पाठ उभी चिरली, आतला फोम बाहेर काढून त्याचे तुकडे केले. फोम कोरडा होता. वहीत त्यानं लिहिलं : क्रमांक नऊ बाद. नवं मागवलं आहे. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि इतके आठवडे हे सुचलं कसं नाही याचं नवलही वाटलं.

समता दाराशी उभी राहून बघत होती. रागावली होती, पण तिचं लक्ष त्या तुकड्यांवर होतं.

"मग आता तो काय घालणार?" ती म्हणाली.

"तो कोण?"

"मी आपलं म्हटलं. तुम्हीच म्हणताय की, जाकिटाशिवाय पाण्यात कुणी नको."

५

पुढचा रविवार धुक्याचा उजाडला. मंडळातला कुणी संक्रांतीच्या पाहुण्यांत, कुणी सर्दीनं अंथरुणात. धरणावर आले ते हे दोघंच. नवं जाकीट अजून आलं नव्हतं. जादा जाकीट नसताना पाण्यात उतरायचं नाही, हे बुद्धप्रियला ठाऊक होतं. पण आठ जाकिटं कोरडी होती, नववी खुंटी रिकामी होती, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच शेडमध्ये शिरताना तो दाराशी थबकला नव्हता. एक फेरी मारू आणि परतू, असं तो म्हणाला. बाकीच्या सहांतलं एखादं जादा म्हणून सोबत घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

तो एकट्याच्या नावेत बसला. समतानं दोन बैठकींची घेतली. पुढची बैठक रिकामी ठेवून एक नाव नेहमी न्यायची, कुणाला उचलून आणायची वेळ आली तर म्हणून. मारुतीरावानं धक्क्यावरनं दोऱ्या सोडल्या. पाणी सपाट होतं. दहा वल्ह्यांवर काठ दिसेनासा झाला आणि नुसते वल्ह्यांचे चुबुक चुबुक आवाज उरले.

पिंपांच्या रांगेशी ते थांबले. बुद्धप्रिय पिंपांचे दोर तपासत होता. समतानं वल्हं आडवं धरलं.

"आप्पा. तिकडं कोण हाय."

रांगेच्या पलीकडं, मनोऱ्याच्या बाजूला, धुकं जरा विरळ होतं. तिथं पाण्यातून एक हात वर आला होता. बुडणारा माणूस हात मारतो, पाणी उडवतो. हा हात हलत नव्हता. वर्गात उत्तर येणारं पोरगं धरतं तसा ताठ, कोपरापासून वर. मूठ मिटलेली नव्हती, बोटं जुळलेली होती. डोकं दिसत नव्हतं.

बुद्धप्रियच्या गळ्यातली शिट्टी त्याच्या नकळत तोंडात गेली. तीनदा फुंकायचं म्हणजे परत फिरा. त्यानं तीनदा फुंकली. पुन्हा तीनदा फुंकली.

"जाकीट न्हाय त्याला!" समता ओरडली आणि तिनं नाव दोन पिंपांच्या मधून पुढं काढली.

"समता, न्हाय! मागं फीर! ते माणूस न्हाय गं!"

"आधी जायचं आप्पा, मग विचारायचं!"

तिचा आवाज धुक्यातनं आला. ती त्याच्याच तालमीत तयार झालेली पोर होती, ती थांबणार नव्हती. बुद्धप्रियचं वल्हं मांडीवर पडून राहिलं. आपण तिच्यामागं का जात नाही, हे त्याला स्वतःलाच कळेना. हात जड झाले होते आणि त्याला तिथं जायचं नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती, आणि तिची त्याला तेव्हाच शरम वाटली. पलीकडं पाणी एकदा मोठ्यानं डचमळलं. मग काहीच ऐकू येईना.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचं वल्हं वाजलं आणि पाठोपाठ तिचं बोलणं ऐकू आलं. ती हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तशी बोलत होती.

"झालं, झालं. आलाच काठ. घट्ट धरून बसायचं, हलायचं न्हाय."

नाव धुक्यातून बाहेर आली. मागं समता, केसांपासून निथळणारी, ओठ निळे पडलेले. पुढच्या बैठकीवर कुणी नव्हतं.

"मिळाला आप्पा," ती म्हणाली. "लई गारठलाय बघा."

६

तो धक्क्यावर आधी पोचला आणि नावेतून वर चढला. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मोजमापावर ठेवायचा, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. म्हणून त्यानं नावेकडं पाहिलं. मागं एकटा माणूस बसला की नावेचं तोंड पाण्याबाहेर हातभर वर येतं. ही नाव पुढं झुकली होती. तोंडाची पिवळी पट्टी पाण्याखाली गेली होती आणि समताची मागची बाजू वर उचलली होती. समता पंचावन्न किलोची. पुढचं वजन तिच्यापेक्षा बरंच जास्त होतं, आणि ते वाढत होतं. तो बघत असताना पाणी काठावरून आत यायला लागलं.

मारुतीराव नाव धरायला वाकला. त्यानं तोंडाच्या दोरीला हात घातला, समोर पाहिलं, आणि दोरी टाकून तो दोन पावलं मागं सरला. कानटोपी काढून त्यानं छातीशी धरली. "सर," एवढंच तो म्हणाला आणि बांधाच्या दिशेनं चालू लागला. चालता चालता पळू लागला.

"समता, वर ये. हात दे मला."

"आधी त्याला घ्या." तिनं वल्हं धक्क्यावर आडवं दाबून धरलं होतं. पुढचा आधी उतरतो, मागच्यानं नाव सावरायची, हे त्यानंच तिला शंभर वेळा करायला लावलं होतं. "मी धरलीया नाव. घ्या लवकर, पाणी आत यायलंय."

"समता, पुढं कुणी न्हाय गं."

तिनं बापाकडं असं पाहिलं, की वेड लागलंय काय तुम्हाला. मग पुढं पाहिलं, रिकाम्या बैठकीच्या जरा वर, माणसाचं तोंड असतं तिथं.

"ते घाबरल्यात जरा," ती म्हणाली. "देतील हात. माझे आप्पा हाईत."

पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. जाकीट होतं तिच्या अंगावर, ती बुडाली नसती. हे त्याला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. नाव उलटली की ती त्या पाण्यात जाणार होती आणि एकटी जाणार नव्हती. धक्क्याखाली तीस फूट खोल होतं. त्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. मग तो धक्क्यावर पालथा झाला आणि त्यानं उजवा हात पुढच्या बैठकीकडं लांब केला.

क्षणभर हाताला नुसता वारा लागला.

मग कुणीतरी तो हात धरला. मनगटाच्या वर, वाचवणाऱ्याचा हात कसा धरायचा हे तो मंडळातल्यांना शिकवायचा अगदी तसा. पंजा मोठा होता, आणि गार नव्हता. त्याच्या खांद्याला हिसका बसला. धक्क्याच्या फळ्या करकरल्या. नावेचं तोंड एकदम वर उसळलं, पिवळी पट्टी दिसली, आणि समता वल्ह्याचा आधार घेत धक्क्यावर चढून त्याच्या बाजूला धपकन बसली. ती धापा टाकत होती, हसत होती. तिचा हात, तिचं डोकं, तिचे ओले केस. त्यानं डाव्या हातानं तिला चाचपलं. पोर सुखरूप होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, किती साधं होतं," ती म्हणाली. तिनं शेडमधून टॉवेल आणला आणि तो बापाच्या पलीकडं, हवेत कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा टाकला. टॉवेल खाली पडला नाही.

बुद्धप्रिय उठून उभा राहिला. उजवा हात त्याच्या अंगापासून दूर, ताणलेला होता. मनगटाच्या वरची कातडी पाच ठिकाणी पांढरी पडली होती.

"आप्पा," समता हसून म्हणाली, "सोडा की आता त्याचा हात."

"मी कवाच सोडलाय गं," तो म्हणाला.